चारही पाय हवेत, खर्च मात्र बेताचा

हिंगोली शहरात रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावं अजून रोजच्या बोलण्यात आहेत. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. घोडदळ होतं, पायदळ होतं, जनावरांचा दवाखानाही होता. 1903 साली कंटिंजंटची फेररचना झाली आणि तिच्या रिसाल्यांतून 'डेक्कन हॉर्स' नावाची घोडदळं उभी राहिली. 14 जुलै 1916 रोजी, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत, हाय वूड नावाच्या रानाजवळ 20व्या डेक्कन हॉर्सनं भाले सरसावून शत्रूवर घोडे घातले. 'डेक्कन हॉर्स' आजही भारतीय सैन्यात आहे. घोड्यांच्या जागी आता रणगाडे आहेत.

रणांगणावरून घोडा गेला, पण शास्त्रज्ञांनी त्याची पाठ सोडली नाही. तो चालतो कसा, पळतो कसा, चाल बदलतो ती का, लंगडतो तेव्हा नेमकं काय होतं, यावर गेली दीडशे वर्षं मोजमाप चालू आहे. कधी खुराखाली रबरी चेंडू बांधून, कधी तोंडाला मुखवटा लावून, कधी पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी तपासून. हे सगळं वाचत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: घोडा जोरावर पळतो त्यापेक्षा जास्त काटकसरीवर पळतो. त्याच्या अंगातली जवळपास प्रत्येक करामत शक्ती वाचवण्याची किंवा हाडं जपण्याची आहे. घोड्याबद्दलच्या सगळ्या माहितीत मला सर्वांत देखणं वाटतं ते हेच.

बारा कॅमेरे, एक घोडी

पळत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमीन सोडतात का? एकोणिसाव्या शतकात या प्रश्नावर भलेभले हमरीतुमरीवर येत. भरधाव खुरांचा वेग माणसाच्या डोळ्याला पकडताच येत नाही, त्यामुळे वाद मिटायला मार्ग नव्हता.

पहिलं ठोस उत्तर फ्रान्समधून आलं. एतिएन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञानं घोड्याच्या खुरांखाली हवा भरलेले रबरी गोळे बसवले. खूर टेकला की गोळा दबणार, हवेचा दाब नळीतून वर जाणार आणि स्वाराच्या हातातल्या यंत्रावर रेघ उमटणार. त्या रेघा वाचून मारेनं सांगितलं की होय, असा क्षण येतो. 1873 सालच्या त्याच्या पुस्तकात हे सगळं मांडलेलं आहे.

पण रेघांवर कोण विश्वास ठेवणार? लोकांना चित्र हवं होतं. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर आणि रेल्वेचे धनाढ्य मालक लेलंड स्टॅनफर्ड यांना घोड्यांचा मोठा नाद. त्यांनी एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराला कामाला लावलं. जून 1878मध्ये पालो आल्टोच्या धावपट्टीलगत 12 कॅमेरे ओळीनं मांडले गेले. पट्टीवर आडवे दोरे ताणले होते. सॅली गार्डनर ही घोडी दौडत आली, एकेक दोरा ओढला गेला आणि एकेका कॅमेऱ्याची झडप उघडून मिटली. बातमीदारांना मुद्दाम बोलावलं होतं आणि छायाचित्रांच्या काचा त्यांच्यासमोरच धुतल्या.

चारही पाय हवेत होते! पण कुणालाच वाटलं नव्हतं अशा क्षणी. जगभरचे चित्रकार पळता घोडा रंगवताना पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे फेकलेले दाखवत. जेरिकोचं 1821 सालचं एप्सम डर्बीचं प्रसिद्ध चित्र तसंच आहे. छायाचित्रांनी सांगितलं की पाय लांबवर फेकलेले असतात तेव्हा घोडा हवेत नसतोच. तो हवेत असतो ते चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. शेकडो वर्षांची चित्रं एका दुपारी खोटी ठरली.

यासोबत एक गोष्ट हमखास सांगितली जाते: स्टॅनफर्ड यांनी म्हणे 25,000 डॉलरची पैज लावली होती. तिचा पुरावा आजवर कुणाला सापडलेला नाही. मायब्रिजनं पुढे 1887मध्ये माणसं आणि जनावरांच्या हालचालींचे 781 तक्ते छापले. चलच्चित्राच्या जन्माची गोष्ट सांगताना त्याचं नाव टाळता येत नाही.

त्याच्या घोड्याची दौड अजून थांबलेली नाही. 2017 साली हार्वर्डच्या संशोधकांनी मायब्रिजच्या 'ॲनी जी.' या घोडीच्या धावण्याची पाच चित्रं जिवंत जिवाणूंच्या डीएनएमध्ये साठवली, जिवाणू वाढू दिले आणि तीच चित्रं पुन्हा वाचून काढली. जिवंत पेशीत साठवलेलं पहिलं चलच्चित्र कोणतं, याचं उत्तर आहे एक पळती घोडी.

गुहेतल्या माणसाची नजर

आता एक पाहणी तुम्हीही करू शकता. साध्या चालीत घोडा पाय कोणत्या क्रमानं टाकतो? डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. बैलही असाच चालतो, म्हैसही आणि कुत्राही. मागचा पाय येऊन टेकतो आणि त्याच बाजूचा पुढचा उचलून पुढे पडतो.

हंगेरीतल्या संशोधकांनी 2012 साली चार पायांच्या चालत्या प्राण्यांची 1000 चित्रं आणि शिल्पं तपासली. कलाकारानं पाय नुसते अंदाजानं टाकले असते तर 73.3 टक्के चुकले असते. मायब्रिजच्या आधीच्या कलाकारांनी 83.5 टक्के चुका केल्या, म्हणजे अंदाजापेक्षाही वाईट. मायब्रिजनंतर प्रमाण 57.9 टक्क्यांवर आलं. आणि हजारो वर्षांपूर्वी गुहेच्या भिंतीवर चित्रं काढणारा माणूस? त्याच्या चुका फक्त 46.2 टक्के! ज्याचं पोट जनावरावर अवलंबून होतं त्यानं जनावर नीट पाहिलं होतं.

चौकातल्या अश्वारूढ पुतळ्यांबद्दल जाता जाता एक खुलासा. घोड्याचे दोन पाय वर असतील तर स्वार रणात पडला, एक वर असेल तर जखमेनं गेला, असा नियम सांगितला जातो. असा कुठलाही नियम नाही. शिल्पकार पाय ठरवतो तो तोल आणि रुबाब पाहून.

एका बोटावरचा डोलारा

घोड्याचा खूर म्हणजे त्याच्या मधल्या बोटाचं नख. होय, घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर उभा असतो. शेजारच्या दोन बोटांची उरलीसुरली हाडं नळीला चिकटून राहिलेली असतात. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो तो खरं तर मनगटाचा सांधा, आणि त्याच्या खाली स्नायू जवळपास नाहीतच. खाली हाड, कातडी आणि लांबच लांब कंडरा.

यात मोठा हिशेब आहे. जड स्नायू वर, धडाजवळ. खाली हलका पाय. हलका पाय पुढेमागे झुलवायला कमी ताकद लागते.

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा. चौखूर दौडीत खूर टेकला की पायाच्या मागची कंडरा ताणली जाते, कधीकधी 16 टक्क्यांपर्यंत, आणि पाय उचलताना तीच शक्ती परत देते. एरवी जमिनीवर आपटून वाया गेली असती ती ताकद घोडा पुढच्या ढांगेसाठी राखून ठेवतो. याची किंमतही आहे. एवढ्या ताणाताणीत कंडरेचा गाभा 45 अंश सेल्सियसपर्यंत तापतो. शर्यतीच्या घोड्यांच्या कंडरा फाटतात त्यामागे या उष्णतेचा हात असावा असं संशोधक मानतात.

आणि पाय पुढे फेकायचा कसा? दौडीत ते काम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर व्हावं लागतं. 2003 साली 'नेचर'मध्ये लंडनच्या ॲलन विल्सन यांच्या गटानं दाखवलं की पुढच्या पायाच्या वरच्या भागातला एक स्नायू आणि त्यातली कंडरा गलोलीसारखं काम करते: पाय मागे जाताना ताणत जाते आणि सुटली की पाय झटकन पुढे. नुसत्या स्नायूच्या जोरावर हे करायचं तर कितीतरी मोठा स्नायू वागवावा लागला असता.

त्याच गटानं 2001 साली आणखी एक कोडं सोडवलं. घोड्याच्या पायात काही स्नायू असे आहेत की त्यांचे तंतू जेमतेम काही मिलिमीटरचे. एवढ्याशा तंतूंनी काय हलणार? उत्क्रांतीत मागे राहिलेला निरुपयोगी भाग, असंच कित्येकांना वाटे. पण खूर आपटला की पायात सेकंदाला 30 ते 40 वेळा थरथर उठते आणि हे आखूड स्नायू ती थरथर जिरवतात. दौडीत एका पायावर घोड्याच्या वजनाच्या अडीचपट भार येऊ शकतो. 400 किलोच्या घोड्याचा एक खूर क्षणभर 1000 किलो तोलतो. मऊ माती सोडून डांबरावर नालाची टाप वाजते तेव्हा त्या चिमुकल्या स्नायूंवर काय येत असेल, याची कल्पना करा.

फिरत्या पट्ट्यावरची तट्टं

या साऱ्या संशोधनातला माझा सर्वांत आवडता प्रयोग 1981 सालचा आहे. डोनाल्ड हॉइट आणि रिचर्ड टेलर यांनी लहान चणीच्या तीन घोड्यांना फिरत्या पट्ट्यावर पळायला शिकवलं. तोंडाला मुखवटा लावून किती प्राणवायू खर्च होतो ते मोजलं. गंमत पुढे आहे. त्यांनी या जनावरांना शब्दावर चाल बदलायला, आणि नको त्या वेगाला नको ती चाल धरायलाही शिकवलं. म्हणजे दुडकीचा वेग असताना चालायचं आणि चालण्याचा वेग असताना दुडकायचं.

निकाल आरशासारखा स्वच्छ होता. प्रत्येक चालीचा एक स्वस्त वेग असतो. त्याहून हळू गेलं तरी दर मीटरचा खर्च वाढतो, जोरात गेलं तरी वाढतो. आणि एक मीटर जायचा कमीत कमी खर्च चालण्यात, दुडकीत आणि चौखूर दौडीत जवळजवळ सारखाच! घाईत असलेला घोडा चाल बदलून तोच भाव टिकवतो. मग त्यांनी मोकळ्या जमिनीवर, कुणी हाकत नसताना जनावर कोणत्या वेगानं जातं ते पाहिलं. ते नेमकं त्या स्वस्त वेगांच्या आसपासच वावरत होतं. मधल्या महागड्या वेगांकडे फिरकतही नव्हतं.

दहा वर्षांनी, 1991 साली, याच टेलर यांनी क्लेअर फार्ली यांच्यासोबत गोष्टीला नवं वळण दिलं. तट्टांवर वजनं लादली, तर ती आधीपेक्षा कमी वेगालाच दुडकी सोडून चौखूर होऊ लागली. पायावरचा भार एका ठरावीक मर्यादेला पोचला की जनावर चाल बदलतं आणि बदलताच तो भार उतरतो, असं त्यांनी मांडलं. म्हणजे दुडकीतून दौडीत जाताना प्राणवायूच्या हिशेबाआधी हाडं-सांधे इशारा देतात. पुढे चालण्यातून दुडकीत जाण्याचा अभ्यास झाला, तेव्हा खर्चाचा हिशेब पुन्हा वरचढ ठरला. वाद अजून पुरता मिटलेला नाही, आणि मला दोन्ही बाजू एकाच स्वभावाच्या दिसतात. एक इंधनाची काटकसर, दुसरी हाडांची.

एवढं मात्र ध्यानात ठेवायला हवं की स्वस्त वेगांचा हा डोंगराएवढा निष्कर्ष तीनच जनावरांवर उभा आहे. घोड्यांवरच्या अनेक गाजलेल्या अभ्यासांचं असं असतं. मोठं जनावर, महागडा पट्टा, शिकवायला महिने. मग संख्या कमी राहते.

रेवाल, टोल्ट आणि एका अक्षराचा फरक

घोड्याच्या चाली मोजायची हौस आपल्याकडे फार जुनी. कौटिल्यानं 'अर्थशास्त्रा'त अश्वाध्यक्षाच्या कामांत स्वारीच्या घोड्यांच्या चालींची यादी दिली आहे: वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण, नारोष्ट्र. अमरकोशात अश्वगतींच्या पाच 'धारा' येतात. 1965 साली अमेरिकेतल्या मिल्टन हिल्डेब्रँड यांनी दोनच आकड्यांत काम आटोपलं: मागचा पाय ढांगेच्या किती हिश्श्यात जमिनीवर असतो, आणि त्याच्यानंतर किती वेळानं त्याच बाजूचा पुढचा पाय टेकतो. हे दोन आकडे दिले की कोणतीही समतोल चाल नकाशावर एका ठिपक्यात बसते.

दुडकीत तिरपे पाय जोडीनं पडतात, पुढचा डावा आणि मागचा उजवा. म्हणून स्वार वरखाली उसळतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मात्र ज्या चालीला खरा भाव आहे ती रेवाल. नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठी, दत्तजयंतीला भरणाऱ्या या बाजारात मारवाडी आणि काठियावाडी घोडे येतात आणि रेवाल चालीवर पारखले जातात. या चालीत पाठ हलत नाही, स्वाराला हिसका बसत नाही.

तिची दूरची बहीण आइसलंडमध्ये आहे. टोल्ट तिचं नाव. टोल्टमध्ये चारही पाय वेगवेगळे टेकतात आणि एक तरी खूर नेहमी जमिनीवर असतो. तिथले स्वार हातात काठोकाठ भरलेला प्याला घेऊन पळतात आणि थेंब सांडू देत नाहीत.

2012 साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी या चालीचं मूळ शोधून काढलं. आइसलंडच्या घोड्यांत डीएमआरटी-3 नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल आहे. त्यामुळे त्या जनुकाचं प्रथिन अर्धवटच तयार होतं. हे जनुक पाठीच्या कण्यातल्या, डाव्या-उजव्या पायांचा मेळ घालणाऱ्या चेतापेशींत काम करतं. उंदरांत ते बंद केलं तर त्यांचीही चाल बदलली. हाच बदल टांगाशर्यतीच्या घोड्यांतही सापडतो. तो असला की घोडा मोठ्या वेगालाही दुडकीच धरून राहतो, चौखूर होत नाही. 2016 साली जुन्या हाडांतला डीएनए तपासला तेव्हा या बदलाची सर्वांत जुनी खूण इसवी सन 850 ते 900च्या सुमाराच्या इंग्लंडमधल्या घोड्यांत मिळाली. तिथून समुद्रमार्गे हे घोडे आइसलंडला गेले असावेत.

आणि अशा चालीची याहून जुनी खूण? टांझानियात लेटोली इथे ज्वालामुखीच्या राखेत सुमारे 36 लाख वर्षांपूर्वीचे ठसे आहेत. माणसाच्या पूर्वजांच्या पावलांमुळे ती जागा जगप्रसिद्ध झाली. तिथेच हिपॅरियन या तीन बोटांच्या अश्ववंशीयाचेही ठसे आहेत. 1984 साली त्यांची अंतरं मोजली गेली आणि कळलं की तो दुडकत नव्हता की दौडत नव्हता, तो अशाच हिसका न देणाऱ्या जलद चालीनं गेला होता. स्वार जन्माला यायच्या लाखो वर्षं आधी!

थोडं झटपट

घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकानं. चौखूर दौडीत एका ढांगेला एक श्वास, असा पक्का मेळ असतो. मिनिटाला 120 ते 150 श्वास.

दौड सुरू झाली की घोड्याची प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. रक्त दाट होतं, प्राणवायू जास्त वाहतं. विश्रांतीत मिनिटाला 30 ते 40 ठोके देणारं हृदय 220च्या वर जातं.

एक 'हॉर्सपॉवर' म्हणजे एका घोड्याची जास्तीत जास्त ताकद नव्हे. 1993 सालच्या एका हिशेबानुसार घोडा थोड्या वेळापुरती जवळजवळ 15 हॉर्सपॉवर देऊ शकतो. जेम्स वॉटनं धरलेला आकडा तासन् तास राबणाऱ्या घोड्याचा होता.

घामाला फेस का येतो? त्यात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं. त्यामुळे घाम दाट केसांतून पसरतो आणि अंग निवतं.

घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो, कारण त्याच्या पायांत सांधे अडकवून ठेवायची सोय आहे. पण गाढ, स्वप्नांच्या झोपेसाठी त्याला आडवंच व्हावं लागतं. तबेल्यात अंग टाकायला जागा नसेल तर ती झोप बुडते.

सर्वांत वेगवान घोडा म्हणून गिनीज बुकात 'विनिंग ब्रू' या घोडीची नोंद आहे: 2008 साल, ताशी 70.76 किलोमीटर.

घोडे आणि गेंडे ज्या वंशातून आले त्याच्या मुळाजवळचा एक प्राणी आपल्या शेजारच्या सुरत जिल्ह्यात सापडला, वस्तानच्या लिग्नाइट खाणीत. त्याचं नाव कॅम्बेथेरियम, वय सुमारे साडेपाच कोटी वर्षं. तेव्हा भारत आशियाला पुरता जोडलेलाही नव्हता.

पाठीवरचा माणूस

माउलींच्या पालखीच्या रिंगणात दोन अश्व धावतात. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून ते येतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर कुणी नसतं, तो माउलींचा. नर्सी नामदेवहूनही दरवर्षी पालखी पंढरीला निघते, त्यामुळे हिंगोलीकरांना वारी आणि रिंगण नवं नाही. पुढच्या वेळी दोन्ही अश्वांच्या पाठीकडे नीट पाहा. मोकळी पाठ आणि स्वाराची पाठ यांतला फरक शास्त्रज्ञांनाही फार उशिरा मोजता आला.

1890च्या आसपासपर्यंत शर्यतीचे जॉकी ताठ बसत. मग रिकिबी आखूड झाल्या, जॉकी घोड्याच्या मानेवर ओणवे झाले आणि शर्यतींच्या वेळा थोड्याच वर्षांत 5 ते 7 टक्क्यांनी सुधारल्या. कारण 2009 साली 'सायन्स'मध्ये छापून आलं. घोडा प्रत्येक ढांगेला पुढेमागे, वरखाली हिंदकळतो. ओणवा जॉकी आपल्या पायांनी तो हिंदकळा गिळतो आणि स्वतः जवळजवळ एका रेषेत पुढे जातो. त्याचं वजन घोड्यावर असतंच, पण ते दर ढांगेला ढकलायची मेहनत वाचते. ती मेहनत जॉकीच्या मांड्या करतात. महालक्ष्मीला किंवा पुण्याला शर्यत संपल्यावर जॉकी का धापा टाकतो ते यात आलं.

ओझ्याचंही मोजमाप झालं आहे. 2008 साली ओहायोत आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या 15, 20, 25 आणि 30 टक्के भार टाकून पाऊण तास काम करवलं. 20 टक्क्यांपर्यंत ठीक चाललं. 25 आणि 30ला हृदयाचे ठोके वाढले, नंतर स्नायू दुखरे झाले. आता लग्नसराईचा हिशेब करा. घोडी अडीचशे किलोची धरली तर तिचा वाटा 50 किलो. नवरदेव 75 किलोचा, पुढ्यात भाचा, खाली जरीचं जाड खोगीर, पायाखाली डांबर, कानाशी डीजे. वर तिनं नाचायचंही. नाच म्हणजे जागच्या जागी उसळणं: पुढे जाणं नाही, उसळीतून परत मिळालेली शक्ती लावायला ढांग नाही. काटकसरीसाठी घडलेल्या शरीराला ही उधळपट्टी फार महाग पडते. नवरदेवानं दारापर्यंत चालत जाऊन घोडीवर फक्त शेवटची चार पावलं बसायचं ठरवलं तरी तिचा संध्याकाळचा भार कितीतरी उतरेल.

मान सांगते ते

नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. हिंगोली, परभणी, लातूर भागातल्या घोडेवाल्यांसाठी हा जवळचा मोठा बाजार. तिथे जाणता गिऱ्हाईक दात बघतो, खूर उचलून बघतो, आणि मग म्हणतो, "मालक, जरा दुडकीनं पळवून दावा की." चालवून नाही, दौडवून नाही, दुडकीनंच. का?

कारण दुडकी ही सर्वांत समतोल चाल आहे. डावं अंग आणि उजवं अंग एकमेकांची नक्कल करतात, म्हणून त्यातली तफावत चटकन उघडी पडते. पुढचा एखादा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो, तिथला भार कमी करायला. चांगला पाय टेकताना मान खाली जाते. मागचा पाय दुखत असेल तर डोक्याऐवजी पुठ्ठ्याकडे बघावं लागतं. एका बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो.

पण डोळ्यालाही मर्यादा आहे. दोन बाजूंतला फरक साधारण चतुर्थांशापेक्षा कमी असला तर माणसाला तो खात्रीनं दिसत नाही, हे 2009 सालच्या एका तपासणीत आढळलं. अनुभवी पशुवैद्यांनी एकाच घोड्याबद्दल वेगवेगळी मतं दिल्याचेही अभ्यास आहेत, विशेषतः लंगडणं हलकं असताना. म्हणून आता डोक्यावर आणि पुठ्ठ्यावर काडेपेटीएवढे संवेदक लावून मिलिमीटरमध्ये हेलकावा मोजतात. मोबाईलच्या चित्रणावरून तेच सांगणारी ॲपही आली आहेत.

एक खंत इथे लिहायलाच हवी. वर सांगितलेल्या गाजलेल्या अभ्यासांतले घोडे थरोब्रेड आहेत, आइसलंडचे आहेत, अमेरिकेतली तट्टं आहेत. भीमा खोऱ्यातला आपला भीमथडी त्यांत नाही. मराठ्यांच्या घोडदळाशी ज्याचं नाव जोडलेलं आहे, पुणे, सोलापूर आणि नगर भागातल्या धनगरांचा संसार पाठीवर घेऊन जो आजही घाट उतरून कोकणात जातो, त्याला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली तीसुद्धा अगदी अलीकडे. ओझं घेऊन मैलोन् मैल कमी खर्चात जाणं हाच ज्याचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा, त्याचा स्वस्त वेग कोणता? चढावर तो चाल कधी बदलतो? हिंगोलीच्या शेजारी परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, माळेगावच्या बाजारात दरवर्षी घोडे येतात. यासाठी फिरता पट्टाही लागत नाही.

बऱ्याच मोबाईलमध्ये आता सेकंदाला 240 चित्रं घेणारं संथगती चित्रण असतं. येत्या यात्रेत घोड्याच्या बाजूला, दहा-बारा पावलं लांब उभं राहा. मोबाईल खुरांच्या उंचीवर धरा आणि मालकाला दुडकी, रेवाल, चौखूर अशा तिन्ही चालींनी पळवायला सांगा. मग एकेक चित्र पुढे सरकवत मोजा: कोणता खूर आधी टेकतो, कोणता किती चित्रं जमिनीवर राहतो. दुडकी आणि रेवाल या समतोल चालींसाठी हिल्डेब्रँडचे दोन आकडे तुमच्या हातात येतील. दुखरा पाय दिसला तर मालकाला त्याच दिवशी घोडा पशुवैद्याकडे न्यायला सांगा.